सर्वोच्च न्यायालयात तोंडी युक्तिवाद किती वेळ?

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे (फिरत्या पीठाचे) कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील उच्च न्यायालयीन प्रकरणे तेथे चालू लागली. सावंतवाडीच्या पक्षकाराची मुंबईची फेरी त्यामुळे वाचली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तर मात्र दिल्लीखेरीज दुसरे ठिकाण नाही आणि तेथे आपल्या वकिलाला किती वेळ बोलू देतील, हे २०२५ अखेरपर्यंत आगाऊ ठरलेले नसे. या अनिश्चिततेमागे मोठा इतिहास आहे.

ब्रिटिश अमदानीत अखेरचे अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीपुढे चाले. येथील कागदपत्रे छापून विलायतेला जात, बाजू बहुधा तेथील बॅरिस्टर मांडीत आणि पक्षकाराच्या कानावर फक्त निकाल येई. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना ताईमहाराज दत्तक प्रकरणात १९१५ मध्ये याच समितीकडून न्याय मिळाला. चवदार तळ्याबाबत महाडच्या दिवाणी न्यायालयात १९२७ मध्ये दाखल झालेला दावा मात्र इतका दूर गेला नाही. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला आणि प्रकरण तेथेच संपले.

१९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलची अपिले बंद झाली आणि जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय सुरू झाले, ते इंग्रजी वळण घेऊनच: कागद आधाराला, खरी बाजू तोंडी आणि वेळेला बंधन नाही. अमेरिकेतही आरंभी हेच चाले. तेथील मॅककुलक खटल्यात १८१९ मध्ये नऊ दिवस युक्तिवाद झाला होता. पुढे त्या न्यायालयाने वेळ कमी करीत आणला आणि आज तेथे प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास मिळतो. आपल्याकडे तसा नियम झाला नाही. त्यामुळे संसदेला घटनेत किती बदल करता येतो हे ठरवणाऱ्या केशवानंद भारती प्रकरणाची सुनावणी ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात ६८ दिवस चालली. तिचे कौतुक आजही होते. पण इतके ऐकूनही तेरा न्यायाधीशांनी अकरा निकालपत्रे लिहिली आणि निर्णय सात विरुद्ध सहा असा लागला, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

युक्तिवादाचे मोल दिवसांवर ठरत नाही, याचा दाखला दोनच वर्षांनी मिळाला. आणीबाणीत त्याच निकालाचा फेरविचार करण्यासाठी तेरा न्यायाधीशांचे पीठ १० नोव्हेंबर १९७५ रोजी बसले. ज्येष्ठ वकील नानी पालखीवालांनी फेरविचारालाच विरोध केला, तो मागितला कोणी हा प्रश्न न्यायालयातच उभा राहिला आणि १२ नोव्हेंबरला सरन्यायाधीश राय यांनी पीठ बरखास्त केले. पालखीवालांच्या त्या वक्तृत्वाची उंची न्यायालयात कोणी ओलांडली नाही, असा अभिप्राय पीठावरील न्या. खन्ना यांनी नंतर नोंदवला.

न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा म्हणून केलेल्या पुनर्विलोकन याचिकांचा प्रवास मात्र उलट दिशेचा. त्या न्यायाधीशांच्या दालनात, वकिलाला न ऐकता, केवळ कागदांवरून निकाली काढण्याची पद्धत न्यायालयाने १९८० मध्ये वैध ठरवली होती. २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने (किमान पाच न्यायाधीशांच्या पीठाने) तिला एक अपवाद केला: फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकावी, त्यासाठी अर्धा तास पुरे. त्याच पुराव्यावर एक न्यायाधीश फाशी देईल आणि दुसरा जन्मठेप, शिवाय चूक झाल्यास ती दुरुस्त होणार नाही, हे त्यामागचे कारण. माझ्या मते तोंडी युक्तिवादाचे याहून नेमके समर्थन ६८ दिवसांच्या सुनावणीतही सापडत नाही.

सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण होते. दापोलीत बसूनही ते पाहता येते. कोकणातला जमिनीचा किंवा वहिवाटीचा वाद मात्र घटनापीठापुढे क्वचितच जातो. तो विशेष अनुमती याचिकेच्या, म्हणजे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जाच्या, रूपाने दिल्लीत पोहोचतो, दाखल करून घ्यायचा की नाही हे बहुधा काही मिनिटांतच ठरते आणि बहुतेक याचिका तेथेच फेटाळल्या जातात. करोनाकाळापासून वकिलाला दूरदृश्य प्रणालीद्वारे रत्नागिरीतूनही हजर राहता येते, त्यामुळे प्रवास वाचला. मिनिटे तेवढीच राहिली.