हृदयझडपेची गळती व इको तपासणी

हृदयाची झडप मिटताना तिच्या पाकळ्या नीट जुळल्या नाहीत, तर पुढे गेलेल्या रक्ताचा काही भाग मागे परततो. या दोषाला झडपेची गळती किंवा रिगर्जिटेशन म्हणतात. चारही झडपांत हा दोष आढळतो. मात्र डावे अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) व डावे निलय (खालचा कप्पा) यांच्यामधली मायट्रल (द्विदली) झडप आणि महारोहिणीच्या मुखाशी असलेली एओर्टिक झडप यांच्या गळतीवर डॉक्टरांचे लक्ष अधिक असते, कारण साऱ्या शरीराला रक्त पुरवण्याचा भार डाव्या निलयावर असतो. झडपेची पाकळी सैल पडून मागे झुकणे (प्रोलॅप्स), ऱ्हुमॅटिक ताप, झडपेला झालेला जंतुसंसर्ग ही गळतीची नेहमीची कारणे. काही वेळा झडप निरोगी असते, पण हृदय फुगल्याने पाकळ्या एकमेकींपासून दूर ओढल्या जातात.

गळती मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे इको, अर्थात हृदयाची सोनोग्राफी. इंगे एडलर व कार्ल हेलमुथ हर्ट्झ यांनी स्वीडनमधील लुंड येथे 1953 मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या हालचाली प्रथम नोंदवल्या. आजच्या टू-डी इकोत हलते चित्र दिसते आणि कलर डॉपलरमुळे रक्ताचा प्रवाह रंगांत उमटतो. हे रंग पाहून अनेकांचा गैरसमज होतो. लाल म्हणजे शुद्ध रक्त व निळे म्हणजे अशुद्ध, असा त्यांचा अर्थ नाही. सर्वसाधारण मांडणीत प्रोबच्या (छातीवर टेकवलेल्या उपकरणाच्या) दिशेने येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दाखवतात. गळतीचा वेगवान झोत बहुधा मिश्र रंगांचा दिसतो.

रिपोर्टमध्ये गळतीची प्रत ट्रेस किंवा ट्रिव्हियल (नाममात्र), माइल्ड (सौम्य), मॉडरेट (मध्यम) आणि सिव्हिअर (तीव्र) या शब्दांत दिलेली असते. ट्रेस गळती निरोगी माणसांतही सर्रास आढळते, विशेषतः उजव्या बाजूच्या झडपांत, आणि तिला आजार समजू नये. प्रत ठरवताना केवळ रंगीत झोताच्या लांबीवर विसंबणे धोक्याचे, कारण यंत्राची मांडणी आणि रुग्णाचा रक्तदाब बदलला की झोतही लहानमोठा दिसतो. म्हणून अनेक मापे एकत्र पाहतात. झडपेच्या मूळ दोषामुळे होणाऱ्या मायट्रल गळतीत दर ठोक्याला 60 मिलिलिटर किंवा अधिक रक्त मागे जाणे, अथवा गळतीच्या छिद्राचे प्रभावी क्षेत्रफळ 0.4 चौरस सेंटिमीटर किंवा अधिक असणे, ही तीव्र गळतीची लक्षणे मानतात.

रिपोर्टमधला सर्वांत फसवा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. निलयात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडले, हे तो सांगतो. ते कोणत्या दिशेने गेले, हे सांगत नाही. समजा निलयाने 100 मिलिलिटर रक्त बाहेर टाकले आणि त्यातले 40 मिलिलिटर अलिंदात परतले. शरीराला 60 मिलिलिटरच मिळाले, तरी हिशेबात पूर्ण 100 धरले जातात. त्यामुळे तीव्र मायट्रल गळतीत 58 टक्के हा एरवी उत्तम वाटणारा आकडाही निलय थकू लागल्याची खूण ठरतो. अशा रुग्णांत हा आकडा 60 टक्के किंवा त्याहून कमी झाला, अथवा आकुंचनाच्या अखेरीस निलयाचा व्यास 40 मिलिमीटरवर पोचला, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात. एओर्टिक गळतीत व्यासाची ही मर्यादा 50 मिलिमीटर आहे. डाव्या अलिंदाचा वाढता आकार आणि फुप्फुसांच्या रोहिणीतील वाढता दाब यांनाही तितकेच गांभीर्याने घ्यावे लागते.

एकाच रिपोर्टपेक्षा ओळीने आलेले रिपोर्ट अधिक सांगतात. दोन तपासण्यांत व्यास दोन-तीन मिलिमीटरने बदललेला दिसला तर तो मोजण्यातला फरकही असू शकतो. सलग तीन तपासण्यांत तो वाढत गेला तर ती गोष्ट वेगळी. तुलना खरी ठरावी म्हणून शक्यतो त्याच केंद्रात तपासणी करावी, जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि त्या वेळचा रक्तदाब नोंदवून घ्यावा. साधारणपणे माइल्ड गळतीत 3 ते 5 वर्षांनी, मॉडरेट गळतीत 1 ते 2 वर्षांनी आणि सिव्हिअर गळतीत 6 ते 12 महिन्यांनी इको करतात. चित्र अस्पष्ट असेल, किंवा दुरुस्तीची आखणी करायची असेल, तर अन्ननलिकेत प्रोब सोडून इको करतात.

मूळ झडपच बिघडली असेल तर ती औषधाने पूर्ववत होत नाही. औषधे रक्तदाब, सूज व अनियमित ठोके सांभाळतात. हृदय फुगल्यामुळे होणारी गळती मात्र योग्य औषधांनी कमी होऊ शकते. मायट्रल झडप शक्य तेथे बदलण्याऐवजी दुरुस्त करणे श्रेयस्कर मानतात. शस्त्रक्रिया जोखमीची असलेल्या निवडक रुग्णांत कॅथेटरद्वारे पाकळ्यांना क्लिप लावता येते.

गळती हळूहळू वाढते तेव्हा माणूस नकळत जिने टाळतो, चाल मंदावतो आणि ‘काही त्रास नाही’ असे मनापासून सांगतो. अशा वेळी व्यायाम करवून घेतलेली चाचणी खरी क्षमता दाखवते. चालताना नव्याने धाप लागणे, आडवे पडल्यावर श्वास कोंडणे, पायांवर सूज, धडधड किंवा कारण न सापडणारा ताप, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. मायट्रल पाकळीला आधार देणारा तंतू तुटल्यास गळती काही तासांत तीव्र होऊ शकते. एकाएकी जोराची धाप लागली तर लगेच रुग्णालय गाठावे.