कुणाच्याही पोस्टसाठी ॲडमिन तुरुंगात?

निवडणुका आल्या की व्हॉट्सॲपवर हा मेसेज फिरतोच: ग्रुपमध्ये कुणीही आक्षेपार्ह काही टाकले, तरी गुन्हा ॲडमिनवर. हे खरे नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये ॲडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. ॲडमिन सदस्य घेतो, काढतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. त्याचा आणि पोस्ट टाकणाऱ्याचा हेतू एक असेल किंवा आधीच संगनमत झाले असेल, तरच तो जबाबदार. स्वतः अफवा पसरवली, तर अर्थातच सुटका नाही.

या भीतीने गावोगावचे ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ होतात आणि रेशन दुकानातल्या गैरव्यवहाराचा फोटो टाकणाऱ्याचे तोंड बंद होते. मला हे नुकसान फार मोठे वाटते. चुकीचा मेसेज ॲडमिनला सर्वांसाठी डिलीट करता येतो. तेवढे करा, ग्रुप खुला ठेवा.