शिवणकला व वेशरचना, भारतातील

कापड बेतून, कापून व टाके घालून वस्त्रे तयार करण्याची भारतीय परंपरा. नेसायची-पांघरायची अखंड वस्त्रे आणि अंगात घालायची शिवीव वस्त्रे येथे दीर्घकाळ शेजारी नांदली. त्यामुळे शिवणाचा आरंभ केव्हाचा, हा प्रश्न वादाचा ठरला. मुसलमानी अंमलापूर्वी हिंदूंना सुई ठाऊक नसावी, असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस ब्यूकॅनन या ब्रिटिश सर्वेक्षकाने लिहिले आणि पुढे ते मत बराच काळ उगाळले गेले. ते आता टिकत नाही. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर सुया सापडल्या आहेत. ऋग्वेदात (२·३२·४) न तुटणाऱ्या सुईने शिवण्याचा उल्लेख आहे. अमरकोश या प्राचीन संस्कृत शब्दकोशात शिंप्यासाठी ‘तुन्नवाय’ व ‘सौचिक’ हे शब्द येतात. तथापि सुई असणे वेगळे आणि बेतलेले कपडे सर्रास वापरणे वेगळे. मथुरेच्या संग्रहालयातील कुशाण राजा कनिष्काच्या शिरविरहित पुतळ्यावर लांब अंगरखा व जाड बूट दिसतात. अशा वेशाचा प्रसार मध्य आशियातून आलेल्या शक-कुशाणांच्या संपर्काने वाढला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रातही नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र आहे.

मोगल काळाबद्दल माहिती अधिक नेमकी मिळते. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी या अकबरकालीन ग्रंथानुसार ‘तकौचिया’ हा मूळचा भारतीय धाटणीचा, बिनअस्तरी अंगरखा. त्याच्या घेराला चिरा असत व बंद डावीकडे बांधत. अकबराने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे आणले. जामा-अंगरख्याच्या बेतात अंगाचे पट्टे सरळच राहतात. आयताकृती तुकडा तिरका कापला की दोन कळ्या (निमुळते तुकडे) निघतात; त्या उलटसुलट जोडून घेर वाढवतात आणि काखेत बगल (लहान जोडतुकडा) घालून हात उचलायला मोकळीक ठेवतात. कापड जवळजवळ वाया जात नाही. मुंढा (बाही जोडण्याची खांद्याजवळची जागा) गोल कापून बाही बसवण्याची पाश्चात्त्य पद्धत ब्रिटिश काळात रुळली, त्याच काळात शिवणयंत्रही आले. १८६४ मध्ये मुंबईस आलेल्या, सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी पारशी स्त्रियांच्या धर्तीवर साडीखाली पोलका वापरण्याची रीत बंगालात नेली, असे सामान्यतः मानतात.

व्यवसाय म्हणून वेशरचनेस प्रथम वाव दिला तो मुख्यतः चित्रपटाने. कोल्हापूरच्या भानू अथैय्या (१९२९–२०२०) यांना गांधी चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) १९८६ मध्ये दिल्लीत स्थापन झाली.