सेंतुम सेलास

सेंतुम सेलास : पोर्तुगालमधील एका रोमन शेतवाड्याचे अवशेष व त्यांच्या मधोमध उभा असलेला ग्रॅनाइटचा मनोरा. सेर्रा दा इश्त्रेला पर्वताच्या पूर्वेस, झेझरे नदीच्या खोऱ्यात, बेल्मोंते गावाच्या उत्तरेला हे स्थळ आहे. १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून पुढे कालिकतला पोहोचलेला दर्यावर्दी काब्राल याच बेल्मोंतेचा. रोमन काळी हा मुलूख लुसितानिया प्रांतात मोडत असे.

मनोरा आयताकृती, तीन मजली आणि सुमारे १२ मीटर उंच आहे. छप्पर व लाकडी तक्तपोशी केव्हाच नाहीशी झाल्यामुळे आत उभे राहून वर पाहिले की थेट आकाश दिसते. घडीव चिऱ्यांच्या भिंतींत लहानमोठ्या दारे-खिडक्यांची दाटी असून त्यांच्या आसपास कोरलेल्या चौकोनी खाचांत तुळयांची टोके बसत असावीत. या वास्तूला कोणी तुरुंग, कोणी देऊळ, तर कोणी लष्करी छावणीचे मुख्यालय मानले. परंतु बचावासाठी बांधलेला बुरूज चहूबाजूंनी इतका उघडा ठेवला जाईल, हे पटत नाही.

१९९० च्या दशकातील उत्खननात मनोऱ्याभोवती खोल्या, ओसऱ्या व अंगणे यांचे पाये उघडे झाले आणि तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात उभारलेल्या विस्तीर्ण वाड्याचा मधला भाग होता, असे मत पुढे आले. येथे मिळालेल्या, व्हीनस देवीला वाहिलेल्या वेदीवर लूशियस सिसिलियस हे नाव कोरलेले आहे. परिसरातील ओढ्यांच्या गाळात कथील सापडत असल्याने तो कथिलाचा व्यापारी व वाड्याचा धनी असावा, असा तर्क केला जातो. तिसऱ्या शतकात वाडा आगीत सापडला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. मध्ययुगात मनोऱ्याचा उपयोग टेहळणीसाठी झाला, असे मानतात.

सेंतुम सेलास म्हणजे शंभर कोठड्या. त्यांपैकी एकीत संत कॉर्नेलियस बंदिवान होते, अशी लोककथा येथे सांगतात. वस्तुतः पोप कॉर्नेलियस २५३ मध्ये वारले ते इटलीतील सेंतुमसेली, म्हणजे आजच्या चिव्हितावेक्क्या बंदरात, हद्दपारीत असताना. तेव्हा ही कथा नामसाम्यातून रुजली असावी. १९२७ मध्ये मनोऱ्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. भोवतालच्या पायांकडे मात्र पाहणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही, आणि वाड्याची मांडणी तर त्यांच्यावरूनच कळते.