डाव्या बाजूचे ते फिल्टर आले कुठून

नांदेड असो की संभाजीनगर, पीएचडीला लागलेली बरीच पोरं संशोधन लेख शोधायचा डेटाबेस उघडतात, वरच्या खोक्यात दोन शब्द टाकतात, हजारो रिझल्ट आले की पहिल्या दोन पानांवरचं काय ते डाउनलोड करतात आणि झालं. डाव्या बाजूला वर्ष, विषय, भाषा, फुल टेक्स्ट, पीअर रिव्ह्यूड (म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांनी तपासलेलं) असे फिल्टर असतात त्यांना हातच लावत नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यामागचा विचार आपल्याच देशातल्या एका गणिताच्या मास्तरचा आहे.

ते म्हणजे एस. आर. रंगनाथन. १९२४ ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले, तिथं एका दुकानात मेकॅनो खेळणं बघितलं, तेच तुकडे घेऊन पाहिजे ती वस्तू जोडायची. तोवर लायब्ररीत पुस्तकं विषयवार लावायला जोर ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाच्या १८७६ च्या पद्धतीचा, म्हणजे विषयांचा साचा आधीच ठरलेला आणि पुस्तक त्यात कुठंतरी बसवायचं. पण समजा पुस्तक आहे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या ज्वारीचं काय झालं यावर, तर ते शेतीत ठेवायचं, दुष्काळात का मराठवाड्यात? रंगनाथन म्हणाले विषय फोडा, कोणती गोष्ट, तिचं काय झालं, कुठं, कधी, आणि मग हे तुकडे जोडून पुस्तकाचा नंबर बनवा. हीच १९३३ ची कोलन पद्धत. आज आपण वर्षावर, जागेवर, विषयावर टिक करतो ते याच तुकड्यांवर.

मग कॉम्प्युटर आला. अमेरिकेच्या वैद्यकीय लायब्ररीनं १९६० ला विषयांचे ठरीव शब्द पक्के केले, १९६४ ला मेडलार्स म्हणजे कॉम्प्युटरवर वैद्यकीय लेख शोधायची सोय, १९७१ ला तीच ऑनलाइन, म्हणजे मेडलाइन. १९७२ पासून डायलॉगसारखी ऑनलाइन शोधायची सेवा पैसे देऊन मिळायला लागली, पण जितका वेळ लाइन चालू तितकं बिल, त्यामुळं ग्रंथपाल आधी कागदावर शोधायचे शब्द अँड, ऑर, नॉटनं जोडून मांडून मगच बसायचे. आजच्यासारखे टिक करायचे फिल्टर बऱ्याच उशिरा आले, २००६ ला नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या लायब्ररीनं आपला कॅटलॉग असा केला आणि सॉफ्टवेअर होतं ऑनलाइन दुकानं वापरायची तेच.

आपल्याकडं विद्यापीठांच्या लायब्ऱ्या जोडणारं इन्फ्लिबनेट १९९१ चं, यूजीसीच्या २००९ च्या नियमानंतर प्रबंधांचा ऑनलाइन साठा शोधगंगा, आणि १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना, तिच्यात सरकारी संस्थांना जवळपास १३,००० जर्नल. म्हणजे ढीग अजून वाढला.

आता महत्त्वाचं. फिल्टरला फक्त नोंदीत जे भरलंय तेवढंच दिसतं. आपल्या संभाजीनगरच्या विद्यापीठाचं नाव १४ जानेवारी १९९४ ला बदलून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याआधीच्या प्रबंधावर नुसतं मराठवाडा विद्यापीठ आहे. औरंगाबादचं संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, आणि एक औरंगाबाद बिहारमधे पण आहे! त्यामुळं जागेचा फिल्टर लावताना जुनं नवं दोन्ही नाव टाकून बघा. मेडलाइनचे लेख जिथं शोधतात त्या पबमेडमधे मनुष्य-प्राणी असा फिल्टर लावला की ज्यांना अजून ते विषयाचे ठरीव शब्द लागलेले नाहीत ते अगदी नवे लेख गळतात. आणि मराठीत लिहिलेल्या प्रबंधाच्या नोंदीत भाषेचा रकाना रिकामा राहिला, तर मराठीवर टिक केलं की तोच प्रबंध गायब होतो.