साम्य १० टक्क्यांच्या आत म्हणजे शोधनिबंध निर्दोष?

शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वी मजकूर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलेले इतर लेखनाशी साम्य १० टक्क्यांपेक्षा कमी असले, की वाङ्मयचौर्याचा प्रश्न मिटला, असा समज संशोधकांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. अनेक ठिकाणी अशी मर्यादा घातलेली असते, त्यामुळे त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. परंतु ते सॉफ्टवेअर चौर्य मोजत नाही, केवळ उपलब्ध मजकुराशी जुळणारे शब्द शोधते.

४,००० शब्दांच्या निबंधात ८ टक्के म्हणजे ३२० शब्द. ते सगळे एकाच लेखातून, अवतरणचिन्हांशिवाय आणि संदर्भाविना आलेले असतील, तर आकडा लहान असूनही ती उचलेगिरीच ठरते. उलट, संदर्भसूची, अवतरणे आणि कार्यपद्धतीची ठरीव वाक्ये यांमुळे पूर्णतः प्रामाणिक निबंधाचा आकडाही २० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. दुसऱ्याची कल्पना श्रेय न देता स्वतःच्या शब्दांत मांडली, तर सॉफ्टवेअरच्या अहवालात बहुधा काहीच उमटत नाही, आणि मला हाच भाग सर्वांत चिंताजनक वाटतो.

खात्री करायची असल्यास एकूण आकड्यावर न थांबता पूर्ण अहवाल उघडावा, संदर्भसूची वगळण्याचा पर्याय निवडावा आणि रंगवलेला प्रत्येक उतारा मूळ स्रोताशी ताडून पाहावा: श्रेय दिले आहे का, शब्द जसेच्या तसे असतील तर अवतरणचिन्हे आहेत का. आकडा उतरवण्यासाठी नुसते समानार्थी शब्द घालणे मात्र टाळावे, कारण त्या भरात संख्याशास्त्रातील ‘प्रमाण विचलन’सारख्या (standard deviation) पारिभाषिक संज्ञाही बदलल्या जातात आणि वाक्याचा अर्थच बिघडतो.