करपलेलं वेगळं, धुरावलेलं वेगळं

भाकरीवरचे काळे डाग ‘कॅन्सर होतो’ म्हणून सुरीने खरवडून काढायचे आणि रविवारी दालमखनीत वाटी ठेवून, तिच्यातल्या रसरशीत निखाऱ्यावर चमचाभर तूप सोडून वर झाकण घट्ट लावायचं, म्हणजे धुंगार द्यायचा! असला प्रकार पाहिला की माझं डोकं फिरतं.

धुरातल्या पीएएचबद्दल, म्हणजे अर्धवट जळण्यातून तयार होणाऱ्या पॉलीसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन या रसायनांबद्दल, बहुतेकांनी वाचलेलं असतं. लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा कॅन्सर पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५ मध्येच काजळीशी जोडला होता. त्या काजळीतल्या पीएएचमधलं बदनाम नाव म्हणजे बेंझो-ए-पायरीन. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या यादीत ते गट १ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे नक्की. भाकरीच्या डागाशी ज्याचं नाव जोडायला हवं ते ॲक्रिलामाइड गट २अ मध्ये, ‘बहुधा’ करतं. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, विष किती जहाल ते नाही.

खरी गल्लत होते ती हे दोन्ही येतं कुठून यात. ॲक्रिलामाइड पदार्थाच्या आतच तयार होतं. पिठात, बटाट्यात ॲस्पॅराजीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि साखर असते. कोरड्या आचेवर किंवा तळणीत तापमान साधारण १२० अंशांपुढे गेलं की दोघांचं जमतं. धुराची गरजच नाही. इलेक्ट्रिक ओव्हनमधल्या टोस्टमध्येही ते होतं, उकडलेल्या बटाट्यात जवळजवळ नाहीच. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे जाहीर केलं तेव्हा चर्चा झाली ती वेफर्स, फ्राइज आणि पावाची.

पीएएच मुख्यतः बाहेरून येऊन बसतं. चरबी किंवा तूप निखाऱ्यावर ठिबकतं, अर्धवट जळतं, धूर उठतो आणि तो पदार्थावर चिकटतो. म्हणून रंगावर जाऊ नका. चरबीच्या मांसाचा कबाब सोनेरी दिसत असला तरी खालून धूर खात असेल, तर त्यात पीएएच भरपूर असू शकतं. आणि धुंगार म्हणजे तर हीच क्रिया, मुद्दाम, झाकणाखाली. दोन मिनिटांच्या धुंगाराने आभाळ कोसळत नाही, पण मग भाकरीच्या डागाला तरी कशाला भ्यायचं?

दोन्हींवरचे उपायही वेगळे. कबाबासाठी चरबी छाटा, निखारे बाजूला सारा, ज्वाळा मांसाला लागू देऊ नका. बटाटे मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका. गारठ्यात त्यांतली साखर वाढते आणि तळताना ॲक्रिलामाइडही वाढतं. खानदेशी भरिताचं वांगं काड्यांवर भाजलं तरी साल काढूनच खातो, त्यामुळे काजळी बरीचशी सालीबरोबर जाते. साल नीट काढा, एवढंच.

‘चुलीवरचं’ अशी पाटी लावणाऱ्या हॉटेलांचं कौतुक मात्र मला पटत नाही. ताटातल्या पीएएचवर आपण वाद घालतो आणि चुलीसमोर बसलेली बाई तोच धूर दिवसभर छातीत ओढत असते.